रुमानियाचं म्हणणं

चहाचा ट्रे घेऊन तेजश्री हॉलच्या दारात आली आणि बैठक गप्प झाली. एकदम नाही, एकेक माणूस करत. आधी संपतनाना, तिचे चुलतसासरे, ज्यांच्या दौंडमधल्या बंगल्यात ही बैठक होती. मग तिचा धाकटा भाऊ सार्थक. मग रविराज, तिचा नवरा. आणि पाठ दाराकडे असल्यामुळे सगळ्यांत शेवटी पोपटराव मामा, ज्यांचं "दोन्हीकडं एकेक ऱ्हायली म्हंजी" हे वाक्य अर्ध्यातच लोंबकळत राहिलं. तिच्या वडिलांना, आबांना, गप्प व्हावं लागलं नाही. ते बोलतच नव्हते, टोपी गुडघ्यावर ठेवून टोपीकडे बघत होते. ती वाकली, ट्रे टीपॉयवर ठेवला. "ठेव पोरी, ठेव. आमी घेतो हातानं," नाना मायेनं म्हणाले, आणि त्या मायेचा अर्थ 'आता जा' असा होता. कुणीच कप उचलला नाही. खोली अशी गप्प झाली की तिच्या डाव्या कानातली शिट्टी वर यायची. तीन वर्षांपूर्वी रविराजने कानाखाली दिली त्या दिवसापासून ती बारीक शिट्टी आत वाजत असते, दिवसाच्या गोंगाटात बुडून राहते. दौंडला राहत होती तोवर तिचं एक बरं होतं, स्टेशनात सारख्या गाड्या शिट्ट्या द्यायच्या आणि आतली कुठली, बाहेरची कुठली हे ठरवायचं कारण पडायचं नाही. आत्ता मात्र दुपारचे तीन वाजले होते, बाहेर एकही गाडी नव्हती, आणि ती शिट्टी ऐकत ती पाच पुरुषांच्या मधून पाय न वाजवता परत निघाली. दाराबाहेर पडून तीन पावलं गेली, तेव्हा आतून मामांचा आवाज पुन्हा सुरू झाला, बराच खाली उतरलेला.

ठरायचं होतं ते एवढंच, की जिजा कुणाकडे राहणार. पाच वर्षांची जिजा तीन वर्षं आईबरोबर शिरूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती, आणि पहिलीत नाव घालायची वेळ आल्यावर दौंडकरांचं म्हणणं पडलं की पोर आमची, आमच्यात यावी. कॉलेजात कॉमर्स शिकवणारी मैत्रीण तेजश्रीला म्हणाली होती, "येडी का तू? वकील कर. आई आहेस, पोर तुझ्याजवळ राहतेय, कोर्ट काय असंच उचलून देतं का?" पण वकील नको हे तेजश्रीनेच ठरवलं. मामा बैठक बसवतील, म्हणाली. मामांच्या बैठकीतून आजवर कुणी रडत उठलेलं नाही. हे ती अशा सुरात म्हणाली होती की मैत्रिणीने विषय सोडून दिला.

स्वयंपाकघरात साखरबाई खुर्चीवर बसल्या होत्या, कारण गुडघे, आणि खाली बसलेल्या गिताबाई, नानांच्या मंडळी, लसूण सोलत होत्या. साखरबाई तेजश्रीच्या सासूबाई. कागदावर अजून होत्या.

"दिला का च्या?" साखरबाई म्हणाल्या. "का तितंबी लेक्चर दिलं?"

"दिला, आत्या."

"न्हाई, म्हटलं प्रोफेसरीनबाई. च्या द्यायच्या आधी च्याचा इतिहास सांगत्याल."

गिताबाई हसल्या. हसताना त्यांनी तेजश्रीकडे बघून डोळे बारीक केले, म्हणजे मनावर घेऊ नको, आणि तरीही हसल्या. त्यांचं नेहमीच असं असायचं. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी सार्थकची बायको सायली बसली होती, सात महिन्यांचं पोट दोन्ही हातांनी धरून. तिने वर पाहिलं नाही. दारापलीकडे अंगणात जिजा कुणाच्या तरी कोंबड्यांमागे धावत होती. तिच्या चपला फटफट वाजत होत्या. तो आवाज ऐकताना तेजश्रीच्या कानातली शिट्टी बंद व्हायची, म्हणजे होत नसेल, पण तिला तसं वाटायचं.

आज सकाळी साडेसातच्या तासाला तिने बर्लिन शिकवलं होतं. टीवायबीएची अकरा पोरं, त्यातली चार शिक्रापूरहून रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. अठराशे अठ्ठ्याहत्तर, जून-जुलै. युरोपातल्या बड्या सत्ता बर्लिनला एका टेबलाभोवती बसल्या आणि बाल्कनचा नकाशा वाटून घेतला. त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी व्हिएन्नात ह्याच सत्तांनी एक रीत घालून दिली होती, की भांडण उठलं तर आधी बसायचं, बोलायचं, एकमेकांचं तोंड राखायचं, आणि कुणालाही भिंतीला टेकवायचं नाही. रीत चांगली होती. नेपोलियनच्या लढायांत होरपळलेल्या माणसांनी घातली होती, म्हणून काही वर्षं टिकली. मग ती माणसं म्हातारी झाली, मेली. क्रिमियात बड्यांनीच एकमेकांची डोकी फोडली. आणि बर्लिनपर्यंत येताना रीत उरली ती नुसती वरची, झुंबरं, पदकं, मेजवान्या, फ्रेंचमधून बोलणं. रशियाचा ऐंशी वर्षांचा मंत्री खुर्चीत बसवून वर नेला जायचा. आणि जे ठरायचं ते आधीच ठरलेलं होतं. इंग्लंड-रशियाने मेच्या शेवटी लंडनमध्ये गुपचूप कागद केला होता, तो एका हंगामी कारकुनाने वर्तमानपत्राला विकला, म्हणून जगाला कळलं. "मॅडम, तासिका तत्त्वावर असंल त्यो," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, आणि सगळे तिच्याकडे बघून हसले, कारण तीही तासिका तत्त्वावरच होती. तीही हसली. मग तिने रुमानियाचं सांगितलं. रुमानिया तुर्कांविरुद्ध रशियाच्या बाजूने लढला, प्लेव्हनाला त्याची पोरं मेली. तुझ्या भूमीला हात लावणार नाही असं रशियाने लिहून दिलं होतं. आणि बर्लिनमध्ये रशियानेच त्याचा बेसारेबियाचा तुकडा मागितला. शत्रूने नाही, दोस्ताने. रुमानियाच्या दोघा माणसांना एक दिवस आत बोलावलं, त्यांचं म्हणणं वाचू दिलं, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्यांना बाहेर पाठवून ठरल्याप्रमाणे ठरवलं. "मग वाचायला कशाला लावलं?" एका पोरीने विचारलं. तेजश्रीने खडू खाली ठेवला. "कारण न ऐकता घेतलं असं पुढे कुणी म्हणू नये," ती म्हणाली. तास छान झाला होता. बसमध्ये बसल्यावरही तिच्या अंगात त्या तासाची ऊब होती. मांडीवर जिजा नव्हती, कारण आबांनी कालच फोन केला होता, की तू कॉलेजवरनं परस्पर ये, जिजाला मी सकाळी गाडीतनं नेतो, पोरीला एसटीचा त्रास कशाला. भीमेच्या पुलावरून बस जाताना तिने पर्समधले कागद पुन्हा एकदा काढून वाचले. चार पानं. 'माझं म्हणणं' असं वर लिहिलेलं. तीन रात्री जिजा झोपल्यावर तिच्या पायाशी बसून लिहिलेली ती पानं तिला आवडली होती. त्यात रविराजवर एकही आरोप नव्हता. कानाचा उल्लेखही तिने खोडून टाकला होता, समोरच्याला भिंतीला टेकवायचं नाही म्हणून.

ही रीत तिला कुठल्या पुस्तकाने शिकवली नव्हती, मामांनी शिकवली होती. ती नऊ वर्षांची असताना पाबळला आजोळी दोन भावकींत पाटाच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, तेव्हा देवळापुढच्या कट्ट्यावर मामांनी बैठक बसवली होती. मामा तेव्हा पन्नाशीचे, पांढराशुभ्र फेटा. त्यांनी पहिल्यांदा बोलायला कुणाला लावलं असेल, तर दोन्हीकडच्या कुणाला नाही, तर मधल्या वावरवाल्या एका विधवेला, जिचं पाणी दोघंही तोडत होते आणि जिला बोलवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती पदर तोंडावर घेऊन बोलली, काय बोलली ते कुणाला ऐकूही आलं नाही. पण मामा कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत बसले आणि ते बसले म्हणून अख्खी आळी बसली. संध्याकाळी दोन्ही भावकी एका ताटात जेवल्या. तेजश्रीला वाटलं होतं, जगात ह्याहून मोठं काही नसतं, माणसांना खाली बसवणं. पुढे पीएच.डी.ला तिने एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय राजनयाचा ऱ्हास असा विषय घेतला, तेव्हा गाइड म्हणाले, "बाई, तुमचा आणि ह्याचा संबंध काय? शिरूरचं काही घ्या की." तिला सांगता आलं नाही की सर, हे शिरूरचंच आहे. टाचणांची दोन खोकी तिने लग्नात रुखवताबरोबर दौंडला आणली होती. सात पेट्यांच्या बाजूला ती दोन खोकी बघून साखरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्यात काय हाय गं, लाडू?"

आणि लग्न साटंलोटं होतं. तेही मामांनीच जमवलेलं. निमोण्याची तेजश्री दौंडच्या रविराजला, आणि दौंडची सायली, रविराजची बहीण, निमोण्याच्या सार्थकला. तुमची पोर आमच्याकडं, आमची तुमच्याकडं, म्हणजे दोन्ही घरं आपापल्या सुनेला फुलासारखं जपतील, असं मामांचं म्हणणं. एक मांडव, एक अक्षता, दोन पाठवण्या, आणि दोन्ही आया एकाच वेळी रडलेल्या. तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं, तराजूसारखं. सायली तिची नणंदही होती आणि भावजयही, आणि एकमेकींना काय म्हणायचं ह्यावर दोघी पहिल्या दिवाळीत पोट धरून हसल्या होत्या. शेवटी सायलीनेच तोड काढली, भीमेच्या अलीकडे वहिनी आणि पलीकडे वन्सं. पुलावर असताना? "पुलावर नुसती सखे," सायली म्हणाली होती. तराजूचं दुसरं लक्षण तेजश्रीला नंतर कळलं. इकडे रविराजने ताट भिरकावलं की चार दिवसांनी तिकडे आबा सायलीशी बोलणं टाकायचे. कुणी सांगितलेलं नसायचं, आपोआप व्हायचं. आणि तिकडे सायलीला कुणी पाण्याला उशीर झाला म्हणून बोललं की इकडे साखरबाई तेजश्रीच्या ताटात कालची भाकरी वाढायच्या. ज्या दिवशी कानाखाली बसली त्या दिवशी तिने माहेरी फोन केला नाही, तो एवढ्यासाठीच, की तिकडे सायलीच्या कानाचं काय होईल. केला तो दोन महिन्यांनी, शिरूरला खोली घेतल्यावर. आबा फोनवर म्हणाले होते, "मग आता सायलीचं काय करायचं आमी?"

"तेजे," आतून मामांची हाक आली. "ये पोरी. तुझं म्हननं मांड."

साखरबाईंनी लसणाच्या पाकळीकडे बघत म्हटलं, "जावा. बलिवलंय." सायलीने पोटावरचे हात घट्ट केले. तेजश्रीने पर्समधून चार पानं काढली, पदर नव्हता म्हणून ओढणी सारखी केली, आणि दोन्ही हातांत पानं धरून ती हॉलमध्ये गेली. तिला खुर्ची दिली गेली. एवढ्यानेही तिला बरं वाटलं. कप रिकामे होऊन टीपॉयवर पडले होते, एकात माशी फिरत होती. मामा आता पंचाहत्तरचे. फेटा गेला होता, डोक्यावर कुठल्या तरी मेळाव्यात वाटलेली टोपी होती, एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरट झाला होता. त्यांच्या शेजारी रविराज, कुरकुंभच्या कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी काढून आलेला, अंगात निळा शर्ट. तो मोबाइल मांडीवर उपडा ठेवून बसला होता, आणि त्याचं बोट त्या मोबाइलवर होतं. रेकॉर्डिंग चालू असावं.

"वाचू मामा?"

"थांब. दे इकडं, बघू दे तर कसं ल्हिलंय. आमच्या पोरीचं अक्षार मोत्यावानी," मामा नानांना म्हणाले, खिसे चाचपले. "चष्मा... अगं, पिशवीत ऱ्हायला. तिकडं जिन्याखाली ठेवलीया बघ, निळी. आन जरा."

आबांनी टोपीवरून मान वर केली. "मी आनतो," ते म्हणाले, घाईने. पण ते उठायला गुडघ्यावर हात टेकेपर्यंत तेजश्री उठलीसुद्धा होती. मामांच्या पिशवीत हात घालायचा मान लहानपणापासून तिचाच होता. त्या पिशवीत तिच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या असायच्या. जिन्याखाली गार होतं. निळ्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं, बीपीची, साखरेची, एक टॉवेल, चष्म्याचं घर, आणि चष्म्याच्या घराखाली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये स्टँपपेपर. तिने तो वाचायला म्हणून वाचला नाही. डोळ्यांना सवय होती, कागद दिसला की वरची तारीख आधी बघायची, हे तिचं शिक्षणच होतं. तारीख गेल्या गुरुवारची होती. आज सोमवार. '...कुमारी जिजा रविराज ही यापुढे वडिलांचे घरी दौंड मुक्कामी राहील व तिचे शिक्षण तेथेच होईल. आईस दिवाळी व उन्हाळी सुट्टीत आठ-आठ दिवस भेट. त्याबदल्यात सौ. सायली सार्थक ही सासरी निमोणे येथेच नांदेल व तिचे माहेरचे लोक तिला माघारी नेण्याबाबत कोणतीही तक्रार...' खाली सह्या. संपतनानांची, रविराजची इंग्रजीत, सार्थकची लपेटदार. आबांची, अक्षर अक्षर सुटं, रखमाजी, शेवटची वेलांटी थोडी थरथरलेली. मध्यस्थ म्हणून मामांची. आणि सगळ्यांत खाली, 'मान्य' असं टाइप केलेल्या शब्दाखाली, रिकामी रेघ.

तिला पहिल्यांदा काय वाटलं, तर कागद वाईट लिहिला आहे असं. 'त्याबदल्यात' असं उघड लिहायचं नसतं, ते कलमांच्या क्रमात लपवायचं असतं. हा विचार डोक्यातून गेला आणि तो गेल्याची लाज तिला वाटली. तिने जिन्याचं गार रेलिंग धरलं. कानातली शिट्टी एवढी मोठी झाली की गाडी आली असं तिला वाटलं. गुरुवारी ती काय करत होती? गुरुवारी संध्याकाळी आबा शिरूरला आले होते, जिजासाठी पेरू घेऊन. बाजेवर बसले होते. "कागद ल्हिलास का तुझा? नीट लिही हां," म्हणाले होते. सही करून आले होते आणि म्हणाले होते.

चष्मा आणि फोल्डर, दोन्ही घेऊन ती परत गेली. फोल्डर मामांच्या मांडीवर ठेवला.

"मामा, हे गुरुवारचं आहे."

मामांनी चष्मा लावला. कागद ओळखला. सार्थक खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्या मानेवर लाल चट्टे चढले होते, लहानपणी खोटं बोलल्यावर चढायचे तसेच. मामा मात्र गडबडले नाहीत. ते हसले, थकलेलं, जुनं हसू. "सापडलं व्हय? बरं झालं. माझंच डोस्कं ऱ्हात न्हाई ठिकानावर. अगं, आधी बोलून घ्यावं लागतं चार मान्सांशी. बैठक काय तशीच बसती व्हय? बैठकीत निस्तं ऐकायचं आसतं."

"मग मला कशाला बोलावलं?"

"तुझं म्हननं ऐकायला."

"ऐकून काय बदलणार होतं?"

"बदलायचं न्हाई, पोरी. ऐकायचं," मामा म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलत होते, हे तिला त्यांच्या पांढरट डोळ्यात दिसलं. त्यांना ह्यात काही वाईट वाटतच नव्हतं. नऊ वर्षांच्या तिने पाहिलेली ती विधवा एकदम तिच्या समोर आली, पदर तोंडावर घेतलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तेजश्रीच्या मनात आलं, त्या बाईला पाणी मिळालं होतं का? तिने कधी विचारलंच नव्हतं. जेवणाचं एक ताट आठवत होतं, फेटा आठवत होता, कानामागचा हात आठवत होता. पाण्याचं काही आठवत नव्हतं.

"ती पोर काय तराजूत टाकायचं वजन आहे का मामा?"

"आता कसं बोललीस!" नाना पुढे सरकले, जणू तिने त्यांचाच मुद्दा मांडला. "आमी तेच म्हनतूय. आमची सायली तुमच्यात नांदती, गुमान नांदती. तुमची आमच्यात न्हाई नांदली. आमी काय बोललो का? तीन वरीस गप ऱ्हायलो. पर तोल पायजे का नगं? एक पोर तिकडं, एक पोर इकडं. तू न्हाई तर तुजी. दोन्हीकडं एकेक."

"मी कोर्टात जाईन."

हे शब्द तिच्या तोंडून निघाले तेव्हा रविराज पहिल्यांदा बोलला. मोबाइलवरचं बोट न उचलता, तिच्याकडे न बघता. "जा की. सायली संध्याकाळच्या गाडीनं निमोण्याला जायची न्हाई एवढंच. बाळंतपण हितंच. आन् नंतरबी हितंच. सार्थक, तू बघ बाबा तुझं."

"आक्का," सार्थक म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "आक्का, सातवा लागलाय गं तिला."

आबांकडे तिने पाहिलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. ती सहा वर्षांची असताना ताप आला म्हणून ह्या माणसाने तिला खांद्यावर घेऊन निमोण्याहून शिरूरपर्यंत रात्रीतून चालत आणलं होतं, हे तिने किती जणांना अभिमानाने सांगितलं होतं. "आबा?" ती म्हणाली. आबा टोपीला म्हणाले, "ल्योक एकुलता हाय मला." बस, तेवढंच. ते क्रूर नव्हते. ह्या खोलीत कुणीच क्रूर नव्हतं. सगळे आपापलं सांभाळत होते, इतक्या नीट, इतक्या हळुवारपणे, की मधलं माणूस कधी चिरडलं ते कुणाला कळणारच नव्हतं. आणि तरीही तिला एक मोह झाला, तो मोह तिला आयुष्यभर सलत राहणार होता, की चार पानं वाचून दाखवावीत. तीन रात्री लागल्या होत्या. चांगली लिहिली होती.

"वाच ना," मामा प्रेमाने म्हणाले. "ल्हिलंय येवढं तर वाच."

तिने वाचलं. उभ्याने, स्पष्ट, वर्गात वाचते तसं. आदरणीय मामा, आदरणीय नाना, आबा. जिजाला कुठल्या पानाचा वास आवडतो, पाऊस वाजला की ती कुणाच्या कुशीत शिरते, तिला 'क्ष' लिहिता येतो, ती झोपेत माझी करंगळी धरते आणि सोडवली तर जागी होते. सगळ्यांनी ऐकून घेतलं. नानांनी दोनदा मान हलवली. मामांनी कानामागे हात धरला होता. शेवटचं पान संपल्यावर ते म्हणाले, "लई ग्वाड ल्हिलंयस. आता जरा भाईर बस." आणि फोल्डरवर पेन ठेवून तो तिच्या बाजूला सरकवला. "घाई न्हाई. सावकाश कर. पर आजच कर."

पेनाला हात न लावता ती स्वयंपाकघरातून अंगणात निघाली. उंबऱ्यात सायली अजून तशीच बसली होती, जायला वाट अर्धीच. तेजश्री तिच्यावरून पाय टाकून जाणार, तेवढ्यात सायलीने तिचा घोटा धरला. तिचा हात ओला होता.

"वहिनी. मला गुरुवारीच कळलं."

"बरं."

"मी म्हनले ह्यांना, आसं नगा करू. खरंच म्हनले."

"हो."

"मला हितं ऱ्हायचं न्हाई वहिनी, आईजवळ. तुमाला म्हाइतीये हितं काय आसतं. तुमालाच म्हाइतीये."

तेजश्रीने खाली पाहिलं. केसांतला भांग, त्यात भरलेलं कुंकू, खाली तो फुगलेला गोल. काहीतरी गरम, कडू तिच्या घशाशी आलं आणि तिने ते अडवलं नाही. "तुला मुलगी होऊ दे," ती सावकाश म्हणाली. "गोरीगोमटी. म्हणजे पुढच्या वेळी द्यायला होईल." घोट्यावरचा हात सुटला. मागून गिताबाईंचं "अगं बाई" ऐकू आलं, साखरबाई काहीतरी ओरडल्या. तेजश्रीला आपल्या तोंडाची चव कळत होती आणि ती चव वाईट नव्हती, हेच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं.

अंगणात आबांची गाडी उभी होती, डिकी उघडी. त्यात जिजाची गुलाबी बॅग, सायकल, आणि बेडशीटमध्ये बांधलेलं तिचं अंथरूण. शिरूरच्या खोलीची दुसरी किल्ली आबांकडे असायची. पोरगी कोंबड्या सोडून डिकीच्या कडेवर येऊन बसली होती, पाय हलवत. आईला बघून ती उतरली नाही. तेजश्री तिच्यासमोर खाली बसली, डोळ्यासमोर डोळे येतील अशी. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि एक गोड, समजुतीचा, कुणाचंही तोंड न मोडणारा सूर आपोआप बाहेर आला. "जिजू, मम्मी ना, जरा दुकानात जाऊन—"

"मला म्हाइतीये," जिजा म्हणाली.

"काय माहितीये?"

"मी हितं ऱ्हायचंय ते. आबांनी सांगितलं. पेरू आणले तवाच." तिने आईच्या ओढणीचं टोक उचललं, आपल्या नाकाला पुसलं. "मम्मीला सांगायचं न्हाई म्हणले. सांगितलं तर मम्मी आजारी पडंल. मी न्हाई सांगितलं. एकदापण न्हाई सांगितलं. झोपेतपण न्हाई."

चार दिवस. तिच्या करंगळीला धरून झोपलेली, चार दिवस.

"आणखी काय म्हणाले आबा?"

"तू जाशील तवा रडायचं न्हाई. हसून टाटा करायचा. मग मम्मी लवकर येती. रडलं तर उशिरा येती." तिने ओढणीचं टोक सोडलं. "मी शिकलीये. करून दाखवू आत्ता?"

मागे हॉलच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. तेजश्रीने वळून पाहिलं नाही. तिने मान हलवली, हो म्हणून.

जिजा डिकीतून उतरली, दोन पावलं मागे गेली, फ्रॉक सारखा केला, उजवा हात खांद्याएवढा वर धरला. मग ती हसली. सगळे दात दाखवून, डोळे न मिटता, हात न थांबवता, बराच वेळ. कुठेही चुकली नाही.